माकूचा गुडघा आणि एक माहीत असलेली मर्यादा

...आणि वर मलाच म्हणतात, "चूक म्हणू नका!" मी म्हटलं, साहेब, माझ्या मावशीचा गुडघा जागच्या जागी आहे, सुजून टम्म झालाय, रोज सकाळी उठल्या उठल्या ती त्याला शिव्या घालते, आणि आपलं मशीन म्हणतंय की तो गुडघा गेल्या वर्षीच बदललाय... मग ह्याला चूक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तर साहेब चष्मा पुसत, अगदी थंडपणे, "मर्यादा म्हणा. चूक नव्हे, मर्यादा. आणि तीही माहीत असलेली!"

माहीत असलेली! म्हणजे खड्डा आहे, खड्डा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आता पडलात तर तुमचं तुम्ही बघा!

पण थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गृहस्थ आल्या आल्या गुडघा काढून बसला. मी एका आरोग्य विम्याच्या कंपनीत आहे, नियम विभागात. म्हणजे काय, तर आमच्याकडे तळमजल्यावर एक मेनफ्रेम आहे, भलंमोठं, काळं, दोन कपाटं शेजारी शेजारी उभी केल्यासारखं मशीन. त्याला बारा महिने एसी, आम्हाला पंखा, तोही टकटक वाजणारा! तर कुणाच्या ऑपरेशनला मंजुरी द्यायची आणि कुणाच्या नाही, हे ते मशीन ठरवतं. कशावरून? नियमांवरून. असं असेल तर तसं कर, तसं नसेल तर असं कर. असे हजारो नियम त्याच्या पोटात भरलेत, आणि ते भरायचं जे सॉफ्टवेअर आहे ना, ते मी शाळेत पाटी पुसत होतो तेव्हाचं आहे. मग त्याला मर्यादा असणारच! नियमाचं नाव आठ अक्षरांच्या वर गेलं की चालत नाही. का चालत नाही? चालत नाही! एका नियमात मोजक्याच अटी मावतात, वर एक जरी घातली तरी पहिली अट गुपचूप बाहेर पडते. ओरडत नाही, सांगत नाही... बसमध्ये मागून रेटा आला की पुढच्या दारातला माणूस रस्त्यावर पडावा ना, तशी! आणि दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागले तर जिंकतो कोण? जो बरोबर आहे तो? छे हो! ज्याचं नाव इंग्रजी मुळाक्षरांत शेवटी येतं तो! मग काय, प्रत्येक विभागाला वाटतं आपला नियम जिंकावा. एकानं नाव ठेवलं झेडवरून. दुसऱ्यानं डबल झेड. तिसरा आला ट्रिपल झेड घेऊन! आमच्याकडे नुसता झेडझेडाट चाललेला असतो, मिठाईवर माशा बसल्यासारखा. दातांच्या नियमाला चार झेड आहेत, चार! आठातली चार अक्षरं तिथंच गेली, आता उरलेल्या चारांत दात बसवा!

आणि ह्या सगळ्या मर्यादांचं एक जाडजूड पुस्तक आहे, 'माहीत असलेल्या मर्यादा व त्यांवरील उपाय'. ते कोण लिहितं? अस्मादिक! कुणीही तक्रार घेऊन आला की मी पान उघडायचो, बोट ठेवायचो आणि म्हणायचो, "चूक नव्हे, मर्यादा. माहीत असलेली. हा घ्या उपाय." काय रुबाब होता हो त्यात... होता.

आता माझ्या घरी या. माझी आई आणि माझी मावशी जुळ्या. जुळ्या म्हणजे कशा, तर फोटोत आम्ही कपड्यांच्या रंगावरून ओळखतो, आणि रंग उडालेले फोटो असतील तर ओळखतच नाही. आई काही मिनिटांनी मोठी, आणि ती काही मिनिटं तिनं आयुष्यभर सोडली नाहीत. "मी मोठी आहे, मला माहितीय!" बरं, दोघी दिल्या कुठे? दोन सख्ख्या भावांना! एकाच घरात! म्हणजे बहिणी त्याच जावा. मला ती आईकडून मावशी आणि बाबांकडून काकू. लहानपणी मावशी म्हटलं की काका तोंड पाडायचे, काकू म्हटलं की आजोळी कुरकुर. शेवटी मी वैतागून 'माकू' म्हणायला लागलो, आणि सगळी गल्ली तिला माकू म्हणायला लागली. पुढे बाबा गेले, काका गेले. माकूला मूलबाळ नाही, म्हणजे मीच. मला दोघींनी वाढवलं... म्हणजे मार आईचा आणि नंतर पाठीवरून हात माकूचा, अशी वाटणी होती. घराच्या किल्ल्या आईकडे, स्वयंपाकघर आईचं, भाजीत मीठ किती ते आई ठरवणार. माकू कांदा चिरणार.

तर गेल्या वर्षी आईचा उजवा गुडघा बदलला. झकास झालं. आई जिना अशी चढायला लागली की माझी बायको म्हणाली, "आपलेही बदलून घ्यायचे का?" आणि यंदा माकूचा गेला. कुठला? उजवाच! जुळ्यांचं सगळंच जुळं. आई लगेच पुढे, "माझ्याच सर्जनकडे जायचं, मी मोठी आहे, मला माहितीय." गेलो हॉस्पिटलात. काउंटरवर एक बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कॉम्प्युटरमध्ये बघतात, माकूकडे बघतात, परत कॉम्प्युटरमध्ये...

"आजी, तुमचा उजवा गुडघा बदललेला आहे."

"कुणी बदलला?"

"इथंच बदललाय. गेल्या वर्षी."

"मग हा कुणाचा आहे?" म्हणत माकूनं पाय वर काउंटरवर ठेवायचा प्रयत्न केला! गुडघा वाकत नाही म्हणून आलेली बाई! मी धरली म्हणून वाचली.

आई म्हणाली, "अहो, तो गुडघा माझा."

"तुम्ही कोण?"

"मी हिची बहीण."

"आणि जाऊ," माकू म्हणाली.

"बहीण की जाऊ?"

"दोन्ही!" दोघी एकदम, एका आवाजात.

बाईंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "इथं तर एकच दिसतेय."

मला कळलं ना! ऑफिसात येऊन बघितलं तर तेच. मशीनमध्ये एक नियम आहे, एकाच माणसाच्या नावावर चुकून दोन नोंदी झाल्या असतील तर त्या एकत्र करायच्या. आता एकच माणूस आहे हे ओळखायचं कसं? जन्मतारीख तीच, आडनाव तेच, पत्ता तोच, आणि नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं तीच. चारच का? मर्यादा! आणि आजोबांनी हौसेनं नावं काय ठेवावीत, तर अशी जुळवून की तोंड सारखं आणि नुसती शेपटी वेगळी. दोघींच्या विम्याचं नूतनीकरण यंदा एकाच दिवशी झालं, आणि त्या दिवशी मशीननं दोघींना धरून एक करून टाकलं! आईचं ब्लड प्रेशर, माकूची साखर, आईचा मोतीबिंदू, माकूची पाठ... सगळं एकाच बाईला! तो रिपोर्ट वाचून मला इतकं वाईट वाटलं, म्हटलं, ही बाई जगतेय कशी?

धावत साहेबांकडे. तेव्हाचं ते "चूक नव्हे, मर्यादा" वगैरे. मी म्हटलं, "साहेब, नियमात एक अट वाढवू, पूर्ण नाव बघ म्हणून."

"वाढवा. मग पहिली अट बाहेर पडेल. पहिली कुठली आहे?"

"...जन्मतारीख."

"म्हणजे एका घरातली आजी आणि तिच्या नावाची नात एक होणार. आजीचे दात नातीला द्यायचेत का तुम्हाला?" वर आणखी, "आणि स्वतःच्या नातेवाइकांच्या नोंदीला तुम्ही हात लावायचा नाही. हेल्पलाइनला फोन करा, सगळे करतात तसा."

मी जागेवर आलो आणि आमच्याच हेल्पलाइनला फोन लावला. हेल्पलाइनवाली बसते कुठे? माझ्या पार्टिशनच्या पलीकडे! एका कानात फोनमधून, दुसऱ्या कानात पार्टिशनवरून, तोच आवाज, जरा पुढेमागे. मी म्हटलं, "अगं, मी आहे, इकडे, उठून बघ." तर, "सर, कॉल रेकॉर्ड होतोय, कृपया सदस्याचं नाव सांगा." सांगितलं. मग तिनं पान उलटल्याचं मी दोन्ही कानांनी ऐकलं, आणि ती वाचायला लागली, "सदर अडचण ही माहीत असलेली मर्यादा असून, सदस्याने शक्य असल्यास वेगळा पत्ता द्यावा."

वाक्य माझं! 'शक्य असल्यास' तर मी खास घातलं होतं, जरा नम्र वाटावं म्हणून! आणि तुम्हाला सांगतो, ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कानात पडलं ना, तेव्हा मला त्या जाड्या पुस्तकातलं ते पान फाडून खावंसं वाटलं. माझी म्हातारी मावशी बाथरूमपर्यंत भिंत धरून जाते, आणि तिला काय सांगायचं, शक्य असल्यास पत्ता बदल?

घरी आलो. माकू पाय पसरून बसलेली. "काय रे, काय म्हणतंय तुमचं यंत्र?" म्हटलं, तुझा पत्ता बदलावा लागेल. ती हसून म्हणाली, "ह्या वयात घराबाहेर काढतोस?" हसून म्हणाली, पण मला काय झालं असेल विचारा.

आधी सोपा उपाय केला. घर नंबरापुढे आईला 'अ' लावला, माकूला 'ब'. अर्ज परत! का? तर मशीन आकड्यापुढचं अक्षर वाचत नाही. आठवडा त्यात गेला. तिकडे माकूची काठी गेली, वॉकर आला. रात्री कूस बदलताना ती जे दात आवळायची ते शेजारच्या खोलीत कळायचं, आणि आई सकाळी माझ्यावर डोळे वटारायची, जसं काही मशीन मीच जन्माला घातलंय! मग बायको म्हणाली, "अहो, मागचं दार?"

मागचं दार! आमचं घर कोपऱ्यावरचं. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार गल्लीत. मागच्या दाराला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, आतून जुनी खाट आणि मोडका कूलर टेकवलेला. पण गल्लीचा नंबर वेगळा! मी भरला अर्ज. तर ऑफिसातून उत्तर, पडताळणी होईल. दार वेगळं हवं, स्वयंपाक वेगळा हवा, आतून येजा नको. आता आली का पंचाईत! मी, बायको आणि समोरचा सुतार, तिघांनी मिळून माझं मोठं लाकडी कपाट ढकलत ढकलत मागच्या खोलीत नेलं आणि मधल्या दाराला लावलं. खाट आणि कूलर हटवून मागचं दार मोकळं केलं, खोलीत दोन बर्नरची शेगडी, चार भांडी, दाराला बेल. आई देखरेख करत होती, "तात्पुरतं आहे हं! नाटक आहे नुसतं! तो डबा इकडे ठेव!" माकू खुर्चीत बसून एकेका वस्तूकडे बघत होती.

पडताळणीवाली बाई आली. गल्लीतून, बेल वाजवून. मी पुढच्या घरात, कपाटाला कान लावून. आई माझ्या शेजारी, तीही कान लावून. माकूनं वॉकर ढकलत जाऊन दार उघडलं, "या ना, बसा, चहा टाकते." चहा टाकला. साखरेचा डबा सापडेना. आम्हाला नुसता भांड्यांचा खडखडाट ऐकू येतोय... आणि आईला राहवेना! मी तोंडावर हात ठेवेपर्यंत ओरडली, "डाव्या फळीवर बघ गं, निळ्या झाकणाचा!"

कपाट बोललं!

पडताळणीवाली म्हणाली, "कोण बोललं?"

आणि माझी माकू, जिनं आयुष्यात आईच्या पुढे चकार शब्द काढला नव्हता, ती पापणी न हलवता म्हणते, "शेजारीण आहे. फार लक्ष असतं तिचं माझ्याकडे."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

नव्या पत्त्याला मंजुरी आली. पण ती लागू कधी होणार? रविवारी मशीन बंद करून चालू करतात तेव्हा. कारण नवीन काही घातलं की झोपून उठल्याशिवाय त्याला आठवत नाही. चूक नव्हे, मर्यादा! मी रविवारभर फोन धरून येरझारा. सोमवारी माकू पुन्हा वेगळी बाई झाली, आणि त्याच आठवड्यात तिचा गुडघा झाला. ऑपरेशन छान. सर्जन हसत बाहेर आले. मी म्हटलं, सुटलो.

सुटलो? संध्याकाळी वॉर्डच्या दारात मला अडवलं! "रुग्णाजवळ फक्त एका पत्त्यावरचे नातेवाईक." म्हटलं, मी भाचा. "पत्ता?" म्हटलं, पुतण्या. "पत्ता?" बायको पुढे झाली, तिचाही पत्ता पुढच्या दाराचा! गल्लीच्या नंबरावर माकू एकटीच. एकटी! तो नियम कुणाचा? आमचाच. पाच झेडचा! त्याला हरवणारा नियम अजून जन्माला यायचाय. साहेबांना फोन लावला, त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "माहितीय, माहितीय, चूक नव्हे!" आणि ठेवून दिला.

आणि आई? आई बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर माकूची शाल. मला म्हणाली, "शुद्धीवर आली की ती आधी पाणी मागेल. कोमट लागतं तिला. त्यांना सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगतो. "तिला सांगता येणार नाही रे, ती कुणाला सांगतच नाही काही." आणि पहिल्यांदा, आईचा आवाज असा... जाऊ दे.

मी पुन्हा काउंटरवर भांडायला गेलो. भांडून येतोय तर बाक रिकामा! आई उठून सरळ वॉर्डच्या दारातून आत चाललेली, शाल पांघरून, ताठ, जिने चढणाऱ्या त्या गुडघ्यावर टकाटका! आणि समोरून नर्स. नर्सनं आईचा चेहरा बघितला आणि किंचाळली, "आजी! तुम्ही उठलात कशा? सकाळी ऑपरेशन झालंय तुमचं!" आईनं एक क्षण विचार केला. एकच. आणि पाय जरा वाकडा टाकून म्हणाली, "हो ना... चुकलंच माझं. मला कॉटवर नेता का?"

चाकाची खुर्ची काय आली, दोघं काय धावले, "सावकाश आजी, पाय लांब ठेवा आजी"... आणि वाजतगाजत आईला माकूच्या कॉटपाशी नेली. कॉटवर माकू! नर्स खुर्चीकडे बघते, कॉटकडे बघते, परत खुर्चीकडे. माकूनं अर्धवट डोळे उघडले, आईला बघितलं, म्हणाली, "पाणी." आईनं पिशवीतून थर्मास काढला. नर्सनं नियम सांगायला तोंड उघडलं, मिटलं, आणि दोघींभोवतीचा पडदा ओढून घेऊन निघून गेली. बाहेर येऊन मला म्हणाली, "मला आत एकच पेशंट दिसला." देव तिचं भलं करो!

तर माकू घरी आली. चालायला लागली. मी आणि सुतार बाह्या सावरून आलो, म्हटलं, चला, कपाट काढू. तर माकू म्हणाली, "राहू दे."

"राहू दे काय? नाटक संपलं," आई म्हणाली.

"बेल माझी आहे," माकू म्हणाली. "इतक्या वर्षांत कुणी माझ्यासाठी बेल वाजवली नव्हती. आणि भाजीत मीठ मला कमी लागतं गं. कायमच कमी लागायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मोठी ना."

दोन-तीन दिवस आईचं जेवणात लक्ष नाही, किल्ल्या इथं ठेवते, तिथं शोधते, कपाटापाशी जाऊन उभी राहते आणि परत फिरते. म्हटलं, मी काय करून बसलो! एक मंजुरी काढायला गेलो आणि सत्तर वर्षांचं घर मधोमध कापलं! आणि मग एका दुपारी बघतो तर आई आरशापुढे. केस विंचरले, चांगल्या चपला काढल्या, हातात एक डबा, आणि पुढच्या दारानं बाहेर. "कुठे निघालीस?" तर म्हणाली, "बहिणीकडे जाऊन येते." कोपऱ्यावरून वळून गल्लीत, बेल वाजवून! दिवेलागणीला परत आली ती अशी खुललेली, की विचारू नका. "काय छान चहा करते रे ती! मला उठूच देईना!" तेव्हा माझ्या डोक्यात आलं, जन्मापासून एका घरात राहिल्या, आईला बिचारीला बहिणीकडे जायला कधी मिळालंच नव्हतं. आता रोज जाते. आणि माकूही हिच्याकडे येते, पावडर लावून, बेल वाजवून, आणि आम्ही तिला पाहुणीसारखं "बसा, बसा" करतो.

सगळं छान झालंय हो. माझी काहीच तक्रार नाही. फक्त एक आहे. ते कपाट आम्ही घाईत लावलं, त्याची दारं माकूच्या बाजूला उघडतात. आणि आत कपडे माझे आहेत. फिरवू म्हटलं तर माकू म्हणते, कपाटाची पाठ बघत मी जेवायला बसणार नाही. कपडे हलवू म्हटलं तर बायको म्हणते, तिच्या कपाटात तिचेच मावत नाहीत. त्यामुळे रोज सकाळी आंघोळ झाली की मी टॉवेल घट्ट धरतो, पुढच्या दारानं बाहेर पडतो, दूधवाला, पेपरवाला, समोरचा सुतार सगळ्यांना नमस्कार करत कोपऱ्यावरून वळून गल्लीत जातो आणि बेल वाजवतो. आतून आवाज येतो, "कोण आहे?" मी म्हणतो, "मी गं माकू, शर्ट!" आणि ती म्हणते, "अर्ध्या तासानं ये बाबा... पाहुणी बसलीय."